निवडणुकीच्या दिवसांत मंडळीत शांतता कशी राखावी

2024 च्या लोकसभेला आमच्या ऐरोलीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) फूट पडायची वेळ आली ती एका प्रार्थनेवरून. मे महिन्याचा पहिला रविवार होता. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेला एक मावशी उभ्या राहिल्या. वय 78, राजकारणाशी काडीचा संबंध नाही. डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, या अंधारात तुझी मशाल आमच्या घराघरांत पेटू दे."

ऐरोली ठाणे मतदारसंघात येते आणि त्या वर्षी ठाण्यात धनुष्यबाण आणि मशाल, शिवसेनेच्या दोन गटांची चिन्हं, समोरासमोर होती. कालपरवापर्यंत एकाच शाखेत चहा पिणारी माणसं दोन बाजूंना गेली होती आणि आमच्या बाकांवरही दोन्हीकडची घरं होती. तिसऱ्या बाकावरच्या दादांनी डोळे उघडले, मान वळवून मागे पाहिलं. मागच्या बाकावर कोणीतरी जरा जोरातच "आमेन" म्हणालं. झालं. आशीर्वचनाच्या आधीच दादांचं अख्खं घर उठून गेलं. मावशींना घरी पोचेपर्यंत कळलंच नव्हतं काय झालं. कळलं तेव्हा त्या रडल्या.

पास्टोरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची) सचिव म्हणून प्रार्थनेची पाळी मीच लावते. कोण उभं राहणार ते मी ठरवलं होतं, काय म्हणणार याचा विचारच केला नव्हता. ती चूक माझी. पुढच्या पंधरा दिवसांत पाळकसाहेब आणि आम्ही जे शिकलो, ते दुसऱ्या मंडळ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

तारखा जाहीर झाल्या की आधी चर्चचं कॅलेंडर आणि निवडणुकीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. आमचं मतदान सोमवारी, 20 मे 2024 ला होतं. आदल्या दिवशी, 19 मे रोजी, पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण. आमची उपासना शाळेच्या हॉलमध्ये भरते आणि मतदान केंद्रही त्याच शाळेत, म्हणजे पेंटेकॉस्टच्या दिवशी तिथं मतदान यंत्रं येणार, कर्मचारी मुक्कामाला येणार. हे आम्हाला दहा दिवस आधी लक्षात आलं, म्हणून एका सोसायटीचा हॉल मिळाला. शिवाय मतदान संपायच्या आधीचे 48 तास प्रचाराला बंदी असते. त्या रविवारी कोणी प्रवचनात एक वाक्य जरी इकडचं तिकडचं बोललं असतं, तरी ते अंगाशी आलं असतं.

उपासाचा दिवसही आधीच ठरवा. भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनं 22 मार्च 2024 हा देशासाठी प्रार्थना आणि उपासाचा दिवस जाहीर केला होता. लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला, शुक्रवार होता. आम्ही प्रोटेस्टंट, तरी आमच्या बारा-पंधरा घरांनी तो पाळला. प्रचार तापण्याआधी एकत्र उपाशी राहिलेली माणसं नंतर एकमेकांवर पटकन ओरडत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

आता प्रार्थनेबद्दल, कारण खरी गोम तिथंच आहे. निवडणूक संपेपर्यंत मध्यस्थीची प्रार्थना लिहून काढा आणि शनिवारी चौघांनी वाचा: पाळकसाहेब, सचिव, आणि दोन्ही बाजूंचा एकेक माणूस. हे शेवटचे दोघं महत्त्वाचे. आपल्याला जे खटकत नाही ते त्यांना खटकतं. मशाल, कमळ, घड्याळ, तुतारी, धनुष्यबाण, पंजा, इंजिन हे शब्द स्वतःच्या प्रार्थनेत नकोत. शास्त्रपाठाला मात्र हात लावू नका. स्तोत्रात परमेश्वराचा उजवा हात आला तर तो वाचायचाच. वचन बदलायचा अधिकार आपल्याला नाही आणि ते वचन आहे हे लोकांना कळतं.

आम्ही शेवटी ही प्रार्थना वापरली: "हे प्रभू, उभ्या असलेल्या सर्व उमेदवारांना, मतदान करणाऱ्यांना, केंद्रावर राबणाऱ्या शिक्षकांना आणि पोलिसांना सांभाळ. आमच्या मुखावर पहारा ठेव. जो निवडून येईल त्याला न्यायाची बुद्धी दे, जो हरेल त्याला धीर दे. आणि निकालानंतरही आम्हांला एकमेकांच्या उंबऱ्यावर जाता येईल असं ठेव." पहिल्यांदा ती त्या मावशींनीच वाचली. आम्ही मुद्दाम त्यांनाच उभं केलं.

वेदीवरून काय बोलायचं नाही, याबद्दल कायदा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 चं कलम 123 पाहा. अमक्याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल, असं मतदाराच्या मनात भरवणं हा गैरमार्ग मानला जातो. धर्माच्या नावानं मत मागणंही तसंच, आणि 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं त्याचा अर्थ आणखी व्यापक केला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचाही धर्म त्यात आला. आचारसंहितेनुसार तर चर्च, मंदिर, मशीद प्रचारासाठी वापरताच येत नाही. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पाळक सगळ्या कळपाचा असतो. एकदा त्यानं बाजू घेतली की दुसऱ्या बाजूचं घर आजारपणातसुद्धा त्याला बोलवत नाही.

उमेदवार किंवा त्याची माणसं रविवारी येतातच. कोण बोलणार आणि काय बोलणार हे आधीच ठरवून ठेवा, दारात उभं राहून चर्चा नको. आमच्याकडे एका पक्षाचे कार्यकर्ते आले, म्हणाले, "साहेब, पाचच मिनिटं माइक द्या." पाळकसाहेबांनी आधी सलाम केला, खुर्ची दिली आणि म्हणाले, "दादा, उपासनेला बसा, आनंद आहे. माइक कोणालाच नाही. तुमच्या समोरच्यांनाही नाही." शाल-श्रीफळ नाही, वेदीपुढे फोटो नाही, देणगी असेल तर निवडणुकीनंतर. दुसऱ्या पक्षाचे आले तेव्हा शब्दही तेच. ते बसले, गीत गायले आणि गेले.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: प्रचार सुरू झाला की "फक्त अ‍ॅडमिन" करून टाका. कोणी आधीच काही टाकलं असेल तर ग्रुपवर सुनावू नका, फोन करा. चार लोकांत अपमान झाला की माणूस हट्टाला पेटतो.

सगळ्यात मोठी गोष्ट आम्ही लांबून शिकलो. नायजेरियात 2011 च्या निवडणुकीनंतर शेकडो माणसं मारली गेली होती. म्हणून पुढच्या निवडणुकीआधी, जानेवारी 2015 मध्ये, अबुजात उमेदवारांनी शांततेच्या करारावर सह्या केल्या, त्यात गुडलक जोनाथन आणि मुहम्मदू बुहारीही होते. पुढे त्यावर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय शांतता समितीत कॅथॉलिक बिशप मॅथ्यू कुका होते, आणि समितीचे अध्यक्ष होते अब्दुलसलामी अबुबकर, एक मुस्लिम माजी लष्करी राष्ट्रप्रमुख. मार्चमध्ये जोनाथन हरले आणि अंतिम निकाल जाहीर व्हायच्या आतच त्यांनी बुहारींना फोन करून अभिनंदन केलं. शब्द निकालाआधी घ्यायचा असतो, कारण तेव्हा दोघांनाही हरण्याची भीती असते.

पाळकसाहेबांनी हे वाचून दाखवलं आणि म्हणाले, आपणही करू. मतदानाच्या पाच दिवस आधी ते आणि मी त्या रुसलेल्या दादांकडे गेलो. आधी मावशींच्या वतीनं माफी मागितली. वहिनींनी चहा टाकला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग समोरच्या बाजूच्या भाऊंना तिथूनच फोन लावला, ते आले. दोघांकडून एवढंच घेतलं: निकालाच्या दिवशी एकमेकांच्या बिल्डिंगखाली फटाके नाहीत, गुलाल नाही, मिरवणुकीचा डीजे तिथं उभा करायचा नाही. आणि हरलेल्याच्या घरी जिंकलेल्यानं त्याच रात्री जायचं. वहीच्या कागदावर लिहिलं, दोघांनी सही केली. तो कागद माझ्या फाइलमध्ये आहे. पेंटेकॉस्टला दादांचं घर परत बाकावर होतं.

मंडळीबाहेरही हात जोडून ठेवा. पोलीस ठाण्याच्या शांतता समितीच्या बैठकीला निमंत्रण असेल तर जा, आणि निवडणूक नसतानाही जात राहा. आपल्याच जिल्ह्यातलं भिवंडी पाहा. 1984 च्या दंगलीत ते होरपळलं होतं. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथं हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलिसांच्या मोहल्ला कमिट्या बांधल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिलं. कमिट्यांतल्या माणसांची आधीपासूनची ओळख होती, म्हणून ते जमलं.

मतदानाच्या दिवसाचं फार नाही. ऊन चढायच्या आधी सकाळी लवकर जा, फोन घरी ठेवा. म्हाताऱ्यांना पक्षाच्या गाडीतून पाठवू नका, ते बेकायदेशीर आहे. मंडळीतल्या तरुणांनी आपापल्या गाडीवरून न्यावं. 2024 ला 85 च्या पुढच्यांना घरून मतदानाची सोय होती, पण त्यासाठी 12डी अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागत होता. आमच्या दोन आजींचा राहून गेला. यादी आधीच करा.

निकालाची संध्याकाळ मात्र मोकळी ठेवा. 4 जूनला मंगळवार होता. पाळकसाहेबांनी त्या दिवशी दुसरी कुठलीच भेट ठेवली नव्हती. आम्ही आधी हरलेल्या बाजूच्या घरी गेलो. टीव्ही बंद होता, जेवण झाकून ठेवलेलं होतं. निवडणुकीवर बोलायचं नाही असं आम्ही ठरवून गेलो होतो. मुलाचा दहावीचा निकाल नुकताच लागला होता, तेच बोललो. साडेनऊच्या सुमारास बेल वाजली. समोरच्या बाजूचे गृहस्थ होते, कपाळावरचा गुलाल धुऊन आलेले, केस अजून ओले. हातात मुलासाठी पेढे होते, पास झाल्याचे.