पॉपअप कुठला वापरायचा? अवेटपायी गेलेले तीन दिवस

पॉपअप दाखवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं मलाही वाटायचं. पहिल्याच नोकरीत त्यात तीन दिवस गेले.

एका क्लासची फी भरायची साइट होती. 'पावती' बटण दाबलं की सर्व्हरवर पीडीएफ तयार होऊन नव्या विंडोत उघडायची. मी क्लिकवर फेच केलं (सर्व्हरकडे मागणी पाठवली), अवेट लावलं (उत्तर येईपर्यंत पुढचा कोड थांबवला), उत्तर आलं की विंडो डॉट ओपन, म्हणजे नवी विंडो उघडायची आज्ञा. माझ्या क्रोममध्ये झकास. क्लायंटच्या आयफोनवर मात्र ढिम्म. "बटण मेलंय तुमचं," एवढंच ते फोनवर सांगायचे.

आता नीट वाचा. ब्राउझर नवी विंडो उघडू देतो ते माणसाने आत्ता, या क्षणी क्लिक केलंय म्हणून. ही मुभा फार टिकत नाही. क्रोम साधारण 5 सेकंद चालवून घेतो, आयफोनमधला सफारी त्याहून बराच कडक. लोकलहोस्टवर, म्हणजे माझ्याच मशीनवर, उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत यायचं, त्यामुळे घोळ मला दिसलाच नाही. म्हणून क्लिक झाल्या झाल्या, अवेटच्या आधी, रिकामी विंडो उघडा आणि व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. उत्तर आलं की तिचा पत्ता बदला. फेच फसलं तर ती बंद करा, नाहीतर पांढरं पान तसंच उघडं राहतं. आणि तिथे नोओपनर (नव्या विंडोचा जुन्या पानाशी दुवा तोडणारा पर्याय) लावू नका. लावलंत तर विंडोऐवजी हातात नल, म्हणजे 'काहीच नाही', येतो. माझा तिसरा दिवस त्या नलने खाल्ला. पुन्हा सांगतो, अवेटच्या आधी!

पण मुळात नवी विंडो हवी का, हे मला कोणी विचारलंच नाही. सीनियर म्हणाले, "डिव टाक, झेड-इंडेक्स 9999 दे, पुढे चल." म्हणजे त्याच पानावर एक डबा (डिव) ठेवायचा आणि कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा (झेड-इंडेक्स) मोठा द्यायचा. माणूस भला, सल्ला उधारीचा. वरच्या एखाद्या डिवला ट्रान्सफॉर्म (हलवणारी, फिरवणारी सीएसएस) असला की तुमचा फिक्स्ड, म्हणजे स्क्रीनला चिकटवलेला, डबा त्याच्यातच अडकतो, मग 9999 द्या नाहीतर लाख द्या.

नव्यांनी घाबरू नये, तुमचं नशीब आमच्यापेक्षा बरं आहे. डायलॉग एलिमेंट, म्हणजे एचटीएमएलचा तयार पॉपअप डबा, मार्च 2022 पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत आहे. शोमोडल या फंक्शनने उघडलात की तो सगळ्यांच्या वर बसतो, एस्केपने बंद होतो, मागचं पान निष्क्रिय होतं. टॅगमध्ये नुसतं ओपन अ‍ॅट्रिब्यूट लावलंत तर यातलं काही मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. छोट्या मेनूला पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूट पुरतं. फायरफॉक्समध्ये ते एप्रिल 2024 ला आलं. अलर्ट, म्हणजे ब्राउझरची स्वतःची सूचनेची चौकट, अख्खं पान थांबवून ठेवतो, तो ऑफिसातल्या आतल्या टूलपुरताच ठेवा. आणि एका पॉपअपसाठी तयार कोडची अख्खी लायब्ररी ओढून आणणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही.

तीच पावती आज करायची झाली, तर पीडीएफ तयार झाल्यावर डायलॉगमध्ये 'पावती उघडा' अशी साधी लिंक देईन. तिच्यावर माणूस स्वतः बोट ठेवतो, त्यामुळे सफारीचीही कुरकुर नाही.