कट्ट्यावर जून क्लब घ्यायचा तर असा घ्या

लातूरला आमचा स्पर्धा परीक्षावाल्या पोरांचा रविवारचा कट्टा आहे, दहा-बारा जण, चहा वर्गणीतून. मागं मी बर्लिनचा जून क्लब, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचं उजव्या राष्ट्रवादी विचारवंतांचं मंडळ, चर्चेला घेतला आन् पहिल्याच वाक्याला माती खाल्ली, म्हणलो हा हिटलरचा क्लब, तर मागून एक रिटायर गुरुजी म्हणले, "बापू, हिटलर तिथं भाषण द्यायला आलता, 1922 ला, क्लब त्याचा नव्हता." तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहायलो.

सुरुवात नावापासून करा. जूनच कामून? तर 28 जून 1919 ला व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, युद्धाचा दोष आन् भरपाई जर्मनीच्या माथी बसली, तो राग ह्यांनी नावातच ठेवला. मराठवाड्यात हे लगेच कळतं, 17 सप्टेंबर म्हणलं की पुढं काही सांगावं लागत नाही. फक्त आपली तारीख सुटकेची, त्यांची अपमानाची, हे बोलून टाका, नाहीतर एखादा भलतंच जोडून घरी जातो.

माणसं दोनच घ्या. हाइनरिख फॉन ग्लाइशेन जमवाजमव करणारा, आर्थर म्योलर फान डेन ब्रुक हा डोकं.

खरा वेळ विचारांना द्या. फळ्यावर मधून एक रेघ मारा, डावीकडं "काय नको", उजवीकडं "काय पाहिजे". डावी बाजू पटापट भरते, व्हर्साय नको, उदारमतवाद नको, पक्षांची संसद नको, मार्क्सवाल्यांचा वर्गसंघर्ष नको. उजवीकडं मात्र खडू अडतो, राष्ट्र आधी, सगळे वर्ग एकत्र, खंबीर नेतृत्व, बस्स, आन् ते कसं आणायचं हे धूसरच. मला तर ह्या क्लबची सगळी गोची तिथंच दिसते. पण एक मुद्दा लै भारी आहे, म्योलरला जुनं जसंच्या तसं परत नको होतं. पोरांना वाड्याचं उदाहरण द्या, पडक्या वाड्याला टेकू लावत बसायचं का त्याच जागी जपावं वाटेल असं नवीन बांधायचं? तो दुसरं म्हणायचा.

1923 ला त्याचं पुस्तक आलं, नाव "तिसरं राइख", राइख म्हणजे साम्राज्य. पहिलं जुनं पवित्र रोमन साम्राज्य, दुसरं बिस्मार्कनं उभं केलेलं. नाझींनी तो शब्द उचलला. आता इथं कट्ट्याचे दोन गट पडतात, एक म्हणतो सगळे सारखेच, दुसरा म्हणतो काही संबंध नाही. दोघांनाही अडवा. म्योलरवर हिटलरची छाप पडली नव्हती आन् 1925 ला त्यानं आत्महत्या केली, पण संसदेबद्दलची चीड ह्यांनी आधीच शिजवून ठेवली होती.

क्लब 1924 ला संपला, ग्लाइशेननं जमीनदार-कारखानदारांचा हेरेनक्लब काढला, त्या गोतावळ्यातला पापेन 1932 ला चान्सलर झाला आन् जानेवारी 1933 ला हिटलरला खुर्चीवर बसवायला त्यानंच हात लावला. त्याच पापेनला नाझींविरुद्ध भाषण लिहून देणारा एडगर युंग, तोही ह्याच विचारांचा, 1934 ला नाझींनी मारला. हे शेवटाला ठेवा, आन् चहा त्याच्या आधीच सांगा, नंतर कोणी उठत नाही.