जिनिंगपासून मेंदूपर्यंत: अरोमाटेज कसं शिकवायचं

बारावीच्या तासाला पुस्तक बंदच ठेवा. आमच्या यवतमाळकडच्या पोट्ट्यांना जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणं, पाठ असते. फळ्यावर लिहा: कापूस म्हणजे टेस्टोस्टेरॉन, रुई म्हणजे इस्ट्रोजेन आणि मधली जिन म्हणजे अरोमाटेज. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं हे विकर (एन्झाइम) नराच्या मेंदूतही असतं म्हटलं की मागचा बाक जागा होतो.

आता विचारा, मेंदूत अशा किती जिन चालवायच्या, म्हणजे अरोमाटेज किती ठेवायचं, हे कोण ठरवतं? नर उंदराची वृषणं काढली की हायपोथॅलॅमसजवळच्या प्रीऑप्टिक भागातलं अरोमाटेज घटतं, टेस्टोस्टेरॉन टोचलं की पुन्हा वाढतं. एखादी हुशार पोरगी म्हणेलच, "सर, पण हे टेस्टोस्टेरॉननं केलं का त्यातून झालेल्या इस्ट्रोजेननं?" लगेच उत्तर देऊ नका. फळ्यावर डीएचटी लिहा, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉनपासूनच होणारं दुसरं हार्मोन. त्याचं इस्ट्रोजेन होतच नाही, तरी ते दिल्यावर उंदरात विकर वाढतं. म्हणजे हुकूम अँड्रोजेनच्या (टेस्टोस्टेरॉन, डीएचटी अशा नर-हार्मोनांच्या) ग्राहीमार्फत, म्हणजे ते हार्मोन ओळखणाऱ्या पेशीतल्या प्रथिनामार्फत, सुटतो. कापूस इथंच सोडा, नाहीतर पोरं भावावर घसरतात.

मग झेब्राफिश ही छोटी मासोळी काढा. तिच्या मेंदूतल्या अरोमाटेजचं जनुक वेगळंच, सीवायपी१९ए१बी, आणि त्याला इस्ट्रोजेन स्वतःच चेतवतं. उंदराच्या मेंदूतही काही भाग असे आहेत की टेस्टोस्टेरॉन गेलं तरी तिथलं अरोमाटेज हलत नाही. हे सांगायला विसरू नका, नाहीतर एकच नियम सगळीकडे लावतात.

शेवटी पोरांकडूनच तक्ता भरून घ्या: प्राणी, मेंदूचा भाग, हार्मोन, विकराचं काय झालं. खडूनंच करा; आमच्याकडे लाइनीचा भरवसा नाही.