रक्तातला व्हीईजीएफ मोजताय? या चुका टाळा

आमच्या लॅबमध्ये व्हीईजीएफ या प्रथिनाला सगळे ‘व्हेज-एफ’ म्हणतात. विद्यार्थ्यांची नवी बॅच आली की “मग नॉनव्हेज कुठल्या फ्रीजमध्ये?” हा विनोद एकदा होतोच. विनोदाइतकीच जुनी या बॅचची पहिली चूक असते: रक्त भलत्याच नळीत घेणं. मीही ती केली आहे, आणि चांगले तीन महिने.

कॅन्सरच्या गाठीला दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकन सर्जन ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्या वाहिन्यांना बोलावून घेणारं एक मुख्य प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. संशोधक नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने १९८९ मध्ये त्याचं जनुक हाती लावलं आणि २००४ मध्ये त्यालाच पकडणारं बेव्हॅसिझुमॅब हे अँटिबॉडी औषध अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. औषध ज्याला पकडतं तेच रक्तात मोजलं की औषध कोणाला लागू पडेल ते कळेल, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

सीरम घेऊ नका

माझी सॅम्पल्स लाल झाकणाच्या साध्या नळीतली होती, म्हणजे सीरम: रक्त साकळू दिल्यावर उरणारा द्रव. केमोच्या आधी एक आणि तिसऱ्या सायकलनंतर एक. व्हीईजीएफ इतका सुरेख उतरला होता की आलेख पोस्टरवर टाकायचंसुद्धा ठरलं. मग संख्याशास्त्र बघणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, “यांचे सीबीसी आहेत का?” रक्तपेशींच्या मोजणीचे ते रिपोर्ट काढले. केमोने प्लेटलेटही उतरल्या होत्या, जवळजवळ त्याच उतारावर. व्हीईजीएफला प्लेटलेटच्या आकड्याने भागलं आणि आलेख सपाट झाला. तीन महिने मी प्लेटलेटच मोजत बसले होते.

कारण साधं आहे. प्लेटलेटच्या पोटातल्या कणिकांमध्ये व्हीईजीएफ साठवलेला असतो. नळीत रक्त साकळताना त्या कणिका रिकाम्या होतात आणि तो सगळा माल सीरममध्ये येतो. त्यामुळे सीरमचा आकडा प्लाझ्माच्या, म्हणजे साकळू न दिलेल्या रक्तातल्या द्रवाच्या, कितीतरी पट येतो. नळी स्टँडमध्ये अर्धा तास राहिली की जेवणाच्या सुट्टीभर, यावरही तो हलतो. मोठा आकडा बघून किट छान चाललंय असं वाटतं, हीच गोम आहे.

म्हणून फिक्या निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी घ्या, नाहीतर जांभळी ईडीटीएची. पण अख्ख्या अभ्यासात एकच. टूर्निके (दंडाचा पट्टा) आवळून पाच मिनिटं शिर शोधत बसू नका. रक्त घेतल्यापासून अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या पेशींच्या थराच्या वरचा अर्धा सेंटिमीटर तसाच सोडा आणि काढलेला प्लाझ्मा पुन्हा एकदा जोरात फिरवा. दुसऱ्यांदा फिरवण्याचा सगळ्यांना कंटाळा येतो. पण प्लाझ्मात राहिलेल्या प्लेटलेट उणे ८० अंशांना गोठून वितळताना फुटतात, आणि तुम्ही पुन्हा सीरमच मोजायला लागता. आमच्याकडे आता प्रत्येक नळीवर दोन वेळा लिहिलेल्या असतात, रक्त काढल्याची आणि फिरवल्याची.

औषध दिल्यावरचा आकडा

बेव्हॅसिझुमॅब सुरू केल्यावर रक्तातला एकूण व्हीईजीएफ बऱ्याचदा वाढलेला दिसतो. औषध हरलं, असा लगेच निष्कर्ष निघतो. खरं तर अँटिबॉडीला चिकटलेला व्हीईजीएफ शरीरातून हळू बाहेर पडतो, म्हणून एकूण साठा फुगतो. मोकळा, कामाचा व्हीईजीएफ मात्र घटलेला असतो. किटची अँटिबॉडी कुठे बसते त्यावर काही किट हा बांधलेला मालही मोजतात, काहींना तो दिसतच नाही. औषधाचं अर्धायुष्य सुमारे वीस दिवस, तेव्हा ‘दोन डोसांच्या मधलं’ सॅम्पलही स्वच्छ नसतं. औषधाच्या पहिल्या सलाइनच्या आधीचं सॅम्पल हातचं ठेवा; ते नंतर मिळत नाही.

वाईट खूण म्हणजे औषधाची खूण नव्हे

व्हीईजीएफ जास्त असलेल्यांचा आजार जास्त वाईट असतो, म्हणून त्यांना औषधाचा फायदाही जास्त होईल, ही उडी फार मोह पाडते. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये मेरिडियन नावाच्या चाचणीत हे मुद्दाम तपासलं गेलं. प्लाझ्मातल्या व्हीईजीएफवरून पेशंट निवडावेत, याला आधार मिळाला नाही. बेव्हॅसिझुमॅबची स्तनाच्या कॅन्सरसाठीची परवानगी अमेरिकेने त्याआधीच, २०११ मध्ये, काढून घेतली होती.

ईजीएफआर: दोन गोष्टी, एक नाव

ही चूक लॅबबाहेरची, पण मला आठवड्याला एक तरी फोन येतो. “काकूंचा ईजीएफआर ९२ आलाय, म्हणजे त्या गोळ्या चालतील ना?” तो ९२ मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज असतो. इंग्रजीत निदान पहिलं अक्षर लहान-मोठं असतं, आपल्या लिपीत तेवढाही फरक नाही. गोळ्यांशी संबंध असलेला ईजीएफआर हा पेशीवरचा रिसेप्टर, वाढीचा संदेश घेणारं प्रथिन. तिथेही प्रथिन किती आहे ते बघून भागत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये जेफिटिनिबसारख्या गोळ्यांसाठी जनुकातला बदल बघतात, उदाहरणार्थ एक्सॉन १९ या भागातला तुकडा गळणं (डिलिशन) किंवा एल८५८आर हा एका जागचा बदल. हा संबंध २००४ मध्ये उलगडला. त्याआधी गाठीच्या कापावर प्रथिनाला चढवलेल्या तपकिरी रंगावरून पेशंट निवडण्यात बराच वेळ गेला होता.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये बघतात त्या हर२ या रिसेप्टरमध्ये उलट आहे. तिथे रंग खरोखर कामाचा: ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) करा. मात्र गाठ सलाइनच्या बाटलीत टाकून पाठवली असेल तर त्या रंगावर विश्वास ठेवू नका. तासाभरात फॉर्मलिनमध्ये, आणि तिथे किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास.

प्लेटवरच्या किरकोळ गोष्टी

व्हीईजीएफचं किट म्हणजे खाचांची प्लेट; जितका व्हीईजीएफ, तितका पिवळा रंग. सगळ्याच खाचा पिवळ्या झाल्या तर आधी धुण्याकडे बघा, किटला शिव्या नंतर. एखादं सॅम्पल पातळ केल्यावर हिशेबाने आकडा वाढत असेल तर मूळ सॅम्पलमध्ये काहीतरी अडथळा आहे. पातळ करत जा आणि दोन लागोपाठच्या पायऱ्यांवर आकडा जुळला की तो घ्या. दोन वेगळ्या लॉटची किट असतील तर एकाच पेशंटची आधीची आणि नंतरची सॅम्पल्स वेगवेगळ्या लॉटवर टाकू नका. आणि नीट काढलेल्या प्लाझ्मात आकडे कधीकधी किटच्या तळाशी जाऊन टेकतात. अशा वेळी एक्सेलमध्ये शून्य भरू नका, ‘मर्यादेखाली’ असं लिहा. शून्य भरलंत की सरासरी काढणारा त्याला खरंच शून्य समजतो.