अर्धवट गेम्सचं भिजत घोंगडं: कुठून सुरू करायचं, काय सोडायचं

परवा रात्री जेवणं उरकली, मुलगी झोपली, साडेदहाला पीसी लावला, स्टीम, म्हणजे पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान, उघडलं आणि घेतलेल्या गेम्सची लायब्ररी खाली-वर फिरवत बसलो. हा खेळू का, नको, याची स्टोरीच आठवत नाही, मग तो खेळू का, नको, तिथे बॉसपाशी (टप्प्यातल्या मोठ्या शत्रूपाशी) अडकलोय, आणि हा तर डाउनलोडच नाहीये. सव्वाअकरा वाजले. शेवटी यूट्यूबवर दुसऱ्याच कोणाचा तरी गेमप्ले बघितला आणि झोपलो. हे ज्यांच्या घरी होतं त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी खुशाल खेळायला जा.

मोजले तेव्हा माझ्याकडे १४३ गेम्स निघाले. त्यातले ६१ कधी उघडलेच नाहीत आणि ३८ अर्धवट. एवढे जमले कसे हे काही गूढ नाहीये. २०१५ च्या शेवटी स्टीमवर रुपयांत किमती दिसायला लागल्या, सेलमध्ये दीडशे-दोनशेत चांगले गेम मिळायला लागले, एका पिझ्झाच्या पैशात गेम म्हटल्यावर हात आवरतो कुठे. मग २०१८ च्या डिसेंबरपासून एपिक नावाच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानवाल्यांनी गेम फुकट वाटायला सुरुवात केली, दर गुरुवारी रात्री साडेआठला (थंडीत साडेनऊ) जायचं आणि क्लेम करायचं, २०२० च्या मे महिन्यात तर जीटीए फाइव्ह फुकट दिला, लॉकडाऊनमध्ये घरात बसलेल्या पोरांना अजून काय पाहिजे. फुकट ते पौष्टिक. एक ना धड भाराभर चिंध्या.

आता मला एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळलीये ती आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. न उघडलेले ६१ गेम कधीच त्रास देत नाहीत. ते लोणच्यासारखे बरणीत पडून राहतात, कधीही काढा, गेम स्वतःच तुम्हाला ट्युटोरियल देऊन हाताला धरून शिकवतो. घोडं अडतं ते त्या ३८ पाशी. कारण अर्धवट गेम उघडला की तो गृहीत धरतो की तुम्हाला सगळं येतंय, आणि तुम्हाला कप्पाळ येत नसतं. वेळ नाही वेळ नाही म्हणून आपण रडतो पण पाऊण तास लायब्ररी चाळायला मिळतोच की. भीती वाटते ती परत आत शिरायची.

तरी आधी थोडी साफसफाई करून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. स्टीमच्या लायब्ररीत डावीकडे फिल्टर असतो, त्यात खेळलेले आणि न खेळलेले वेगळे करता येतात, शेवटचं कधी खेळलो त्याप्रमाणे लावताही येतात. मी कलेक्शन्स, म्हणजे गेम्सचे कप्पे, तीनच केलीयेत: "चालू", "परत जायचंय" आणि "बास". चालूमध्ये एका वेळी दोन गेम, एक मोठा आणि एक छोटा, तिसरा घालायचा असेल तर एक बाहेर. व्हॅलोरंट, बीजीएमआय, फुटबॉल, स्टारड्यू व्हॅली हे या हिशोबात धरूच नका, त्यांना शेवटच नाही तर संपवणार काय. हेडिसही मी बाजूला ठेवतो, अर्ध्या तासाची एक रन, म्हणजे एक डाव, मारायची आणि उठायचं, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा.

आता "बास"चं. यात माणसं फार अडखळतात, पैसे दिलेत ना. अरे पण ते पैसे तर गेले, आता वरून वीस तास कशाला घालताय? माझी कसोटी साधी आहे, गेमचं नाव वाचल्यावर पुढे काय होतं ते बघावंसं वाटतंय, की नुसतं संपवल्याची टिक मारायचीये? टिक असेल तर बास. अ‍ॅसॅसिन्स क्रीड ओडिसी मी चाळीस तास खेळलो, अख्खा ग्रीसचा समुद्र बोटीने पालथा घातला, आणि मग एक दिवस किल्ले जिंकताना लक्षात आलं की मी हे ऑफिसच्या टाइमशीटसारखं भरतोय. शेवट यूट्यूबवर बघितला, छान होता, लायब्ररीत राइट क्लिक मारून हाइड केला. कोणी पोलीस आले नाहीत. आणि तुम्हाला अपराधी वाटत असेल तर कुठल्याही मोठ्या स्टोरी गेमच्या ग्लोबल अचिव्हमेंट्स (किती खेळाडूंनी कुठला टप्पा गाठला त्याची यादी) उघडून बघा, शेवटचा चॅप्टर पूर्ण केल्याचा अचिव्हमेंट किती टक्के लोकांकडे आहे ते, बहुतेक वेळा निम्म्याच्या बराच खाली असतो. अख्खं जग अर्धवट खेळतंय.

हाइड करा, अकाउंटमधून कायमचं काढून टाकू नका एवढंच. मूड बदलतो.

मग उरलेल्यांचा हिशोब. हाउलाँगटूबीट नावाची साइट आहे, तिथे प्रत्येक गेमला किती तास लागतात ते लोकांनी टाकलेलं असतं, नुसती मेन स्टोरी किती, साइड क्वेस्ट (मुख्य गोष्टीबाहेरची कामं) धरून किती आणि सगळंच करायचं तर किती. माझ्यासारख्याला आठवड्याला फार तर सहा तास मिळतात, वर्षाचे झाले ३१२. विचर थ्रीची नुसती मेन स्टोरी पन्नासच्या आसपास, म्हणजे दोन महिने. पर्सोना फाइव्ह रॉयल शंभरच्या घरात, म्हणजे चार महिने रोज तेच. रेड डेड रिडेम्प्शन टू परत पन्नास, आणि वर डिस्कवर १५० जीबी जागा मागतो ते वेगळंच. हे तीनच धरले तर दोनशे तास गेले! हा आकडा कागदावर बघितला की निम्मी यादी आपोआप गळते, मला वेगळं काही करावं लागलं नाही.

सुरुवात छोट्यापासून करा. मोठे लोक म्हणतात सगळ्यात अवघड काम आधी, ते ऑफिसात ठीक आहे. इथे आधी हाताला संपवायची सवय लागायला पाहिजे. अ शॉर्ट हाइक दीड तासात होतो, पोर्टल तीन तासांत, फायरवॉच चार-पाच. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला राजी आहे, भावाला सोडवायला निघालेली मुलगी, तो पाच-सहा तासांचा, मी दोन शनिवारी केला. फाइटिंग मधेच अडखळतं हे खरंय, पण भिंतींवरची चित्रं आणि हवेल्या बघत थांबावंसं वाटतं. असे दोन-तीन झाले की क्रेडिट्स वर जाताना बघायची गंमत परत कळते, आपण विसरलेलो असतो.

आता मुख्य मुद्दा, परत शिरायचं कसं.

विचर थ्री मी अकरा महिन्यांनी उघडला. लोडिंग स्क्रीनवर डँडेलियन, म्हणजे हिरोचा शाहीर मित्र, गोष्टीत काय चाललंय ते सांगत होता, ते मी नेहमीच्या सवयीने स्किप केलं, पहिली चूक. गेराल्ट, म्हणजे आपला राक्षस मारणारा हिरो, वेलेन भागातल्या दलदलीत पावसात उभा. पळायला गेलो तर पळेना, का तर पिशवीत ओझं जास्त, कुठल्या कुठल्या तलवारी आणि फाटकी जॅकेटं गोळा करून ठेवलेली. तेवढ्यात पाण्यातून तीन ड्राउनर (पाण्यातली भुतं) आले, क्वेनचं (ढालीच्या मंत्राचं) बटण आठवेना, इग्नी (आगीचा मंत्र) समजून दुसरंच काहीतरी मारलं, मेलो. परत लोड, परत मेलो. तिसऱ्यांदा पीसीच बंद केला आणि पुढचे चार महिने उघडला नाही. लेव्हल २४ चा माणूस आणि लेव्हल ५ च्या भुतांकडून मार खातोय, लाज वाटते हो.

दुसऱ्या वेळी वेगळं केलं आणि ते चाललं, तेच सांगतो. पहिला दिवस खेळायचाच नाही असं ठरवून बसायचं. गेम उघडायचा, सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोल्सचं पान बघायचं आणि सुरक्षित जागी उभं राहून एकेक बटण दाबून बघायचं. मग जर्नल, म्हणजे गेममधली नोंदवही, वाचायचं. विचरमध्ये कॅरेक्टर्सची पानं खुद्द डँडेलियनने लिहिल्यासारखी आहेत, बॅरनचं काय झालं, गेराल्ट जिला शोधतोय ती सिरी शेवटची कुठे दिसली, सगळं मिळतं. रेड डेडमध्ये हिरो आर्थरची वही आहे, त्याच्या अक्षरात, मधे मधे चित्रं काढलेली, ती वाचायला तर मला गेमपेक्षा जास्त मजा आली. जर्नल नसेल तर यूट्यूबवर "स्टोरी सो फार" मारा, पण तुमचा चॅप्टर कुठला ते आधी बघा नाहीतर पुढचं फुटायचं. मग पिशवी रिकामी करायची. जवळच्या गावात जाऊन भंगार विकायचं, तलवार दुरुस्त करून घ्यायची. झालं, सेव्ह करा आणि उठा.

दुसऱ्या दिवशी मेन क्वेस्टला हात लावायचा नाही, एखादं छोटं कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं, एक राक्षस मारायचा. बोटांना आठवतं बरं का, डोक्याच्या आधी आठवतं, अर्ध्या तासात क्वेन आपोआप पडायला लागलं. तिसऱ्या दिवसापासून मेन स्टोरी.

आणि डिफिकल्टी खाली आणा. यात काय कमीपणा? विचरमध्ये तर मधेच बदलता येते आणि सगळ्यात सोप्या लेव्हलचं नावच "फक्त गोष्ट" अशा अर्थाचं आहे. सेलेस्टमध्ये असिस्ट मोड दिलाय, गेमचा वेग कमी करा, स्टॅमिना अमर्याद करा, बनवणाऱ्यांनीच दिलंय तर आपण कोण सोवळं पाळणारे. मी विचर परत धरला तेव्हा दोन आठवडे सोप्यावर खेळलो, मग वर नेली.

साइड क्वेस्टच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. विचरमधल्या स्केलिगे बेटांच्या नकाशावर समुद्रात ती प्रश्नचिन्हं आहेत ना, डझनावारी, बोट घेऊन जायचं, उडणाऱ्या सायरन्स मारायच्या, बुडालेल्या पेट्या उघडायच्या आणि आत निघतं काय तर परत तेच भंगार जे विकायला परत किनाऱ्यावर. मी आठ केली आणि मॅपच्या फिल्टरमधून प्रश्नचिन्हंच बंद करून टाकली. ज्या साइड क्वेस्टमध्ये माणूस आहे, त्याची काही गोष्ट आहे, ती करायची. नुसता आयकॉन असेल तर सोडायचा.

आता उठतानाचं. रोज गेम बंद करायच्या आधी दोन ओळी लिहून ठेवायच्या, उद्याच्या आपल्यासाठी. या सवयीने माझे जेवढे गेम वाचले तेवढे कशानेच वाचले नाहीत. स्टीमवर २०२३ पासून ही सोय आतच आहे, खेळताना शिफ्ट-टॅब दाबलं की ओव्हरलेमध्ये नोट्स मिळतात, प्रत्येक गेमच्या वेगळ्या. मी तरी मुलीची जुनी दोनरेघी वही वापरतो, स्क्रीनवर अजून एक खिडकी नको. लिहायचं काय? कुठे उभा आहे, कुठे निघालो होतो आणि एखादं बटण जे सारखं विसरतं. "नोव्हिग्राड, त्रिसला भेटायचंय, आधी बाजारात विक. क्वेन = क्यू." इतकंच. निबंध लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी बंद पडेल.

काही गेम गोष्टीचं जर्नलच देत नाहीत, तिथे वही म्हणजे जीव. हॉलो नाइट घ्या. तिथे नकाशासुद्धा कॉर्निफर नावाच्या नकाशेवाल्याला शोधून विकत घ्यायचा, तोही अर्धवट, मग क्विल (लेखणी) घेतल्याशिवाय त्यात काही भर पडत नाही आणि आपण कुठे आहोत ते दिसायला कंपासचा चार्म (ताईत) लावायचा. सहा महिन्यांनी उघडलात तर कुठल्या भिंतीपाशी "नंतर येऊ" म्हणालेला होतात ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गेममधल्या डर्टमाउथ गावात इसेल्डाच्या दुकानात नकाशावर टोचायच्या खुणा मिळतात, त्या पहिल्या फटक्यात घ्या, जिथे अडकलात तिथे टोचा आणि वहीत लिहा का अडकलात ते.

एक धोक्याची गोष्ट राहिली. गेम अनइन्स्टॉल करताना किंवा लॅपटॉप फॉरमॅटला देताना सेव्ह कुठे आहे ते बघा. स्टोअर पेजवर क्लाउडचं (सेव्ह नेटवरही राहतो का ते) लिहिलेलं असतं, सगळ्या गेम्सना ते नसतं. मागे दुरुस्तीला टाकताना मी "डेटा काही महत्त्वाचा नाही, उडवा" असं मोठ्या तोंडाने सांगून आलो आणि घरी येताना रिक्षात आठवलं, साठ तासांचा सेव्ह. त्या गेमचं "बास" असं झालं.

नवीन घेणं एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही, जमत नाही ते. मी एवढंच करतो की सेलमध्ये घेतलेला गेम त्याच रात्री उघडतो. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो, मग दीड तास खेळा, ओढ लागली नाही तर परत. उघडायचाच नसेल तर घ्यायचाही नाही, विशलिस्टमध्ये राहू दे, पुढचा सेल काही लांब नसतो. हॉलो नाइटचा पुढचा भाग सिल्कसाँग ४ सप्टेंबर २०२५ ला आला, सगळे मित्र खेळून मोकळे झाले, ग्रुपवर रोज मीम्स, आणि माझा पहिलाच अडकलेला, म्हणून अजून घेतला नाहीये. वहीतली कालची नोंद: "मॅन्टिस लॉर्ड्स. पहिली एकटी येते, मग उरलेल्या दोघी एकदम, तेव्हा हाव नको, एक फटका आणि बाजूला. नऊ वेळा मेलो. उद्या गुरुवार, एपिक उघडायचं नाही."