ऑन्टारिओतलं पहिलं घर आणि फर्नेसशी ओळख

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात नवीन आलेल्या कुणाकडे भेटायला गेलो की बँकेचं खातं, सिम कार्ड, मुलांची शाळा ही कामं झालेली असतात. मग मी विचारतो, "तुमच्या घरातली फर्नेस कुठे आहे, पाहिली का?" फर्नेस म्हणजे सगळं घर गरम ठेवणारं यंत्र. बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. तापमान ठरवणाऱ्या, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा तेवढा माहीत असतो. माझं सांगणं असं की घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बेसमेंटमधलं दार उघडा आणि ते यंत्र नीट बघून घ्या. ऑक्टोबर ते एप्रिल तुमची झोप, मुलांचा खोकला, आई-बाबांचे गुडघे आणि महिन्याचं बिल, सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

मी मूळचा नागपूरचा. घर थंड करण्याची विद्या आम्हाला लहानपणापासून येत होती: मार्च संपता संपता कूलर उतरवायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप तपासायचा, नवतपा सुरू व्हायच्या आत सगळं तयार ठेवायचं. घर गरम कसं करतात, हे मात्र इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमचा पहिला हिवाळा टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधल्या एका बेसमेंटमध्ये गेला. भिंतीत खाली एक मोठी जाळी होती. तिला टेकून आम्ही सोफा ठेवला. दुसऱ्या एका जाळीवर गालिचा अंथरला. मग खोली गार पडते म्हणून विजेचा छोटा हीटर आणला आणि एक्स्टेन्शन वायरला लावला. एका रात्री प्लगचं प्लास्टिक वितळल्याचा वास आला. मुलगी शेजारीच झोपली होती. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी फर्नेस बघायला आलेल्या कारागिराने आधी सोफा सरकवला, मग फर्नेसमधून फिल्टर ओढून काढला. तो गोधडीसारखा जाड आणि करडा झाला होता. तेव्हा त्याने जे समजावलं, तेच तुम्हाला सांगतो.

इथल्या बहुतेक घरांत गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते. फर्नेसमधला पंखा घरातलीच गार हवा मोठ्या जाळ्यांमधून ओढून घेतो, ती फिल्टरमधून जाते, तापलेल्या धातूच्या कप्प्यांवरून वाहते आणि छोट्या जाळ्यांमधून पुन्हा खोलीत येते. गॅसची ज्योत त्या कप्प्यांच्या आत असते. तिचा धूर वेगळ्या नळीने घराबाहेर जातो. म्हणजे घराला हवा आत घेणाऱ्या जाळ्या वेगळ्या आणि सोडणाऱ्या वेगळ्या. यातली कुठलीही झाकली तर यंत्राची दमछाक होते, ते जास्त तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद पडतं. आमच्याकडे नेमकं तेच होत होतं.

फिल्टरचं माप त्याच्या कडेवर छापलेलं असतं, बहुधा इंचांत, जसं १६ × २५ × १. हिवाळ्यात दर महिन्याला काढून बघा. पातळ फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावाच लागतो. त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. सगळ्यात दाट फिल्टर सगळ्यात चांगला असं नाही. जुन्या फर्नेसला फार दाट फिल्टर लावला की तिला हवाच ओढता येत नाही. फिल्टर किती बारीक धूळ अडवतो ते सांगणाऱ्या आकड्याला मर्व म्हणतात. मर्व ८ ते ११ बहुतेक घरांना पुरेसा होतो.

पहिल्या थंडीत रात्री तळघरातून येणाऱ्या आवाजांनी अनेक जण दचकतात. क्रम लक्षात ठेवला की भीती जाते: आधी थर्मोस्टॅटची टिकटिक, मग एका छोट्या पंख्याची घरघर, मग ज्योत पेटल्याचा 'भप्प' आणि अर्ध्या-एक मिनिटाने मोठा पंखा. नव्या फर्नेसचा धूर पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीतून घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर पडतो. मोठं बर्फ पडलं की गाडीच्या आधी त्या नळीच्या तोंडावरचं बर्फ काढा. ती बुजली तर फर्नेस बंद पडते, आणि ऐन वादळात घर गार होतं.

आता जिवाची गोष्ट. गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. आपल्या सिलिंडरचा असतो तसाच. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र वास नाही, रंग नाही. ज्योतीभोवतीच्या धातूला तडा गेला किंवा धुराची वाट बुजली तर तो घरात साचू शकतो. डोकं दुखतं, मळमळतं, सगळ्यांनाच एकदम सुस्ती येते आणि आपल्याला वाटतं फ्लू आला. म्हणून गॅसवर चालणारी यंत्रं असलेल्या घरांत झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म लावणं ऑन्टारिओत २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे. बेसमेंट भाड्याने घेताना तो आहे का, त्याचं बटण दाबून वाजतो का, हे सही करण्याआधी बघा. वाजला तर खिडकी उघडत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ हा इथला आणीबाणीचा नंबर लावा.

भाड्याच्या घरात थर्मोस्टॅट मालकाच्या मजल्यावर असतो आणि आपण खाली कुडकुडतो, ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो. संकोच करू नका. जिथे नगरपालिकेचा वेगळा नियम नाही तिथे प्रांताचा नियम सांगतो की १ सप्टेंबर ते १५ जून घराचं तापमान किमान २० अंश हवं. एक साधा तापमापक आणून दोन-तीन दिवसांचे आकडे लिहून ठेवा आणि मालकाशी शांतपणे बोला. आपलीच माणसं आहेत, वाईट कशाला वाटून घ्यायचं, असं म्हणत तान्ह्या बाळासह १६ अंशांत हिवाळा काढलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

हिवाळ्यातली दुसरी अडचण कोरडेपणाची. उणे १५ अंशांच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा २१ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, लाकडी फरशीत फटी पडतात. यावर उपाय फर्नेसलाच जोडलेला असतो आणि तो पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. हवेला ओलावा देणाऱ्या त्या ह्युमिडिफायरचं झाकण काढलं तर आत एक जाळीदार पॅड, त्यावर वरून ठिबकणारं पाणी आणि त्यातून जाणारी हवा. म्हणजे आपला कूलरच! त्याचं पॅड दर हिवाळ्याच्या सुरुवातीला बदला. बाहेर उणे १० असताना आर्द्रता साधारण ३० टक्के, उणे २० असताना २५ पुरेशी. जास्त ठेवलीत तर खिडक्यांच्या काचा घामाघूम होतात, पाणी चौकटीत मुरतं आणि काळी बुरशी धरते.

ती बुरशी आपल्या घरांत लवकर धरते, कारण आपण कुकर लावतो, भात शिजवतो, फोडणी देतो आणि कपडे आतच वाळत घालतो. हवा घरभर फिरणारी असल्याने हिंग-मोहरीच्या फोडणीचा धूर कपाटातल्या कोटापर्यंत पोचतो. शेगडीवरचा पंखा तेल तापायला ठेवतानाच सुरू करा, आणि त्याची नळी खरंच घराबाहेर जाते का ते तपासा. मायक्रोवेव्हखालचे कित्येक पंखे हवा फक्त गाळून पुन्हा तोंडावर सोडतात. नव्या घट्ट बांधणीच्या घरांत एचआरव्ही नावाची पेटी असते. बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली ऊब ती आत येणाऱ्या ताज्या हवेला देते. तिचा आवाज येतो म्हणून ती बंद करून ठेवणारे बरेच आहेत. ती चालू राहू द्या.

उन्हाळा इथला किरकोळ, असं मीही समजत होतो. २०२१ च्या जून महिन्यात ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात ४९.६ अंश झाले. नागपूरच्या कुठल्याही उन्हाळ्यात मी हा आकडा पाहिला नाही. त्या लाटेत त्या प्रांतात उष्णतेने ६१९ माणसं गेली आणि जवळजवळ सगळी घरांत, बाहेर रस्त्यावर नव्हे. ती घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली होती. तेव्हापासून आई-बाबांना उन्हाळ्यात बोलावणाऱ्यांना मी आधी एसीबद्दल विचारतो. आणि कूलर आणायचा विचार सोडून द्या. टोरंटोच्या आसपासची जुलैची हवा मुंबईसारखी दमट असते, कूलर तिच्यात आणखी पाणी ओतेल. एसी गारवा देतो आणि हवेतलं पाणीही काढून टाकतो. बाहेरच्या त्याच्या पेटीला चारी बाजूंनी दोन-एक फूट मोकळं ठेवा.

स्वतःचं घर घ्याल तेव्हा हीट पंपाची चौकशी जरूर करा. एकच यंत्र उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर नेतं आणि हिवाळ्यात बाहेरची आत. नव्यानेच उष्णता तयार करायची नसल्याने एक युनिट विजेत, सौम्य थंडीत, तीन युनिटांइतकी ऊब मिळू शकते. कडाक्याच्या दिवसांसाठी बरेच जण सोबत गॅसची फर्नेस ठेवतात. थंडीत त्याच्या बाहेरच्या पेटीतून मधूनच वाफ निघते. ती साचलेलं बर्फ वितळवत असते, आग नव्हे.

आणि दारावर कुणी येऊन "तुमची फर्नेस तपासायची आहे, हायड्रोचं बिल दाखवा" म्हणालं तर दार उघडू नका. इथे हायड्रो म्हणजे वीज. मार्च २०१८ पासून ऑन्टारिओत न बोलावता दारोदार जाऊन फर्नेस, एसी, वॉटर हीटर यांचे करार करायला बंदी आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्याआधी अशीच करारावर सही केली आणि कित्येक वर्षं यंत्राचं भाडं भरलं.

डिसेंबरात लग्नाला भारतात जाणार असाल तर बिल वाचवायला फर्नेस बंद करून जाऊ नका. नळ्यांतलं पाणी गोठतं, नळी फुटते आणि बर्फ वितळलं की घरात पूर येतो. थर्मोस्टॅट १५-१६ वर ठेवा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, आणि रोज कुणीतरी घरात डोकावेल अशी व्यवस्था करा. अनेक विमा पॉलिसींची तशी अटच असते. मिसिसागात राहत असाल तर किल्ली माझ्याकडे ठेवा, मी जाऊन येईन.