हीटर प्लगला हाताचं बटन लावलं, तेव्हा मी कुठं फसलो

आयटीआयचं मेकॅनिक डिझेलचं एक वर्ष झालं आणि मी एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हेल्पर लागलो. तिथं सहा महिने झाले नसतील तर मला वाटायला लागलं की आपल्याला सगळं येते. २०१८ चा डिसेंबर होता तो. २९ तारखेला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता, आमच्या काटोलकडं तर शेकोटी सोडून कोणी हलत नव्हतं. त्या आठवड्यात मामाची जुनी पिकअप, चार सिलेंडरची आयडीआय डिझेल (म्हणजे डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत पेटवणारं जुनं इंजिन), रोज सकाळी नखरे करून राहिली होती. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, मागून पांढरा धूर निघायचा, मग चार जण धक्का मारायचे तेव्हा कुठं गाडी सुरू व्हायची, आणि तोवर नागपूरच्या कळमना मार्केटातला संत्र्याचा लिलाव अर्धा होऊन जायचा.

थंड इंजिन पेटावं म्हणून आतली हवा तापवतात ते हीटर प्लग, आणि ते किती वेळ तापवायचे हे ठरवणारा टायमर मेला होता. नवीन कुठं मिळेना, म्हणून म्हटलं हाताचं बटन टाकून देतो. हे काम तुमच्याकडं पण येणारच आहे, जुन्या गाड्यांचे मालक हेच मागतात, आणि काम खरंच अवघड नाही. पण मी ज्या ठिकाणी पडलो तिथं तुम्ही पडू नका म्हणून एवढं लिहून राहिलो.

आधी एक गोष्ट. बटन लावायच्या आधी प्लग जिवंत आहेत का ते पाहा. आपल्याकडं मार्च ते ऑक्टोबर गाडीला हीटरची गरजच पडत नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत कोण पाहते प्लग गेला का राहिला, त्यामुळे चारातले दोन कधी मेले हे पहिल्या थंडीतच समजते. चारही प्लगला जोडणारी वरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या बोल्टला लावा. लॅम्प पेटला तर प्लग चालू, नाही पेटला तर गेला. दोन प्लग मेलेले असले तर तुम्ही सोन्याचं बटन लावा, गाडी तशीच बोंबलणार. आणि डीआय इंजिन, म्हणजे डिझेल सरळ सिलेंडरमध्ये मारणारं, असेल तर कित्येकांना हे प्लगच नसतात, तिथं उगाच बोनेट उघडून शोधत बसू नका.

वायरिंग तुम्हाला माहीतच असेल म्हणून पटकन सांगतो. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, दहा स्क्वेअर एमएमची, बॅटरीजवळच फ्यूज टाकून रिलेच्या, म्हणजे बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीच्या, ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून तेवढीच जाड वायर प्लगच्या पट्टीला. ८५ अर्थ. ८६ ला बटनाची बारीक वायर, बटनाला करंट इग्निशनवरून. तो पण असा पॉइंट पाहून घ्या जो सेल्फ मारताना बंद पडत नाही, कारण प्लगची खरी गरज तेव्हाच असते. जुन्या टायमरची वायर पट्टीवरून काढून टेप मारून टाका. बटन दाबून धरायचं हवं, हॉर्नच्या बटनासारखं. घरातल्या ट्यूबलाइटवाला खटका नको, तो चालू राहून जाते.

हे सगळं मी बरोबर केलं होतं. खटका नाही लावला, हॉर्नचंच बटन लावलं आणि मनात म्हटलं आता काय होणार, बोट काढलं की करंट बंद.

इथंच फसलो.

दुकानात उस्तादांनी सांगितलं होतं, "मोठा रिले लाव." बस, एवढंच. मोठा म्हणजे केवढा, काऊन मोठा, काही नाही. माझं मत असं आहे, आणि कोणाला राग आला तरी चालेल, की आपल्याकडचे उस्ताद कारण सांगत नाहीत कारण कारण समजलेला पोट्टा उद्या चौकात स्वतःची टपरी टाकते. मी पण विचारलं नाही, माझी पण चूक. स्पेअरच्या दुकानात हेडलाइटचा ४० अँपिअरचा रिले मिळाला, मोबाइलवर एका व्हिडिओतल्या भाऊनं पण तोच लावला होता, मी लावून मोकळा झालो.

आता हिशेब पाहा, जो मी नंतर केला. प्लग थंडा असताना त्याचा रेझिस्टन्स असते साधारण ०.६ ओहम. १२ भागिले ०.६ म्हणजे एका प्लगला २० अँपिअर. असे चार, म्हणजे दाबल्या दाबल्या ८० अँपिअर. प्लग लाल झाला की करंट उतरते, तरी चारही मिळून ४५ च्या आसपास राहतेच. ४० चा रिले रोज सकाळी ८० चा दणका खाऊन राहिला होता. रिलेच्या आतल्या दोन टिकल्या जेव्हा जास्त करंटवर जुळतात तेव्हा ठिणगी पडते, टिकली थोडी वितळते, आणि एक दिवस दोन्ही टिकल्या वेल्डिंग केल्यासारख्या चिकटून बसतात. मग तुम्ही बटन सोडा, चावी काढा, गाडीतून उतरून चहा प्या, काही फरक पडत नाही. बटनाचा संबंध रिलेच्या कॉइलशी आहे, प्लगशी नाही. प्लगला तर बॅटरीचा डायरेक्ट करंट जाऊन राहिला आहे.

आणि मला हे दिसलं काऊन नाही? कारण डॅशबोर्डवर मी एक लाल लाइट लावला होता, मोठ्या हौसेनं, आणि त्याची वायर घेतली होती बटनावरून. बटन दाबलं की लाइट पेटायचा, सोडलं की विझायचा. मस्त वाटायचं. पण तो लाइट मला फक्त हे सांगत होता की माझं बोट बटनावर आहे. ते मला आधीच माहीत होतं बाप्पा!

आठव्या का नवव्या दिवशी टिकली चिकटली. मामा सकाळी पाचला निघाले, संत्रा भरून, कळमन्यापर्यंत साठेक किलोमीटर प्लग पेटलेले. मामा नंतर म्हणाले की हेडलाइट मंद वाटून राहिले होते, पण त्यांना वाटलं धुकं आहे. मार्केटमध्ये गाडी बंद करून दोन-तीन तास थांबले, बॅटरी पार झोपली. मला फोन केला. "काऊन रे, बॅटरी तं दिवाळीलेच नवीन टाकली नं?" आणि मी, शहाणा, न पाहता सांगितलं की बॅटरीतच खराबी असेल, दुसऱ्या गाडीवरून चालू करून या. म्हणजे परत साठ किलोमीटर, परत प्लग पेटलेलेच. हा फोन मला अजून आठवते.

घरी बोनेट उघडलं तर रिले तपकिरी होऊन चपटला होता आणि पट्टीला हात लावता येत नव्हता. बॅटरीची क्लॅम्प काढताना जी ठिणगी उडाली ती पाहून समजलं. प्लग काढायला गेलो, तीन निघाले, चौथ्याचं टोक फुगून बसलं होतं. इंजिन गरम असताना, प्लगच्या बुडाशी तेल सोडून, हळूहळू काढायला पाहिजे होतं, मी घाबरलेला, पाना लावून जोर दिला. तुटला. टोक हेडमध्येच.

हेड उतरवावं लागलं. गॅस्केट, प्लग, मजुरी मिळून ७,००० लागले, मला महिन्याला ४,५०० मिळायचे. मामांनी पैसे मागितले नाहीत, मीच दोन महिन्यांत दिले, मामी बोलल्या नाहीत काही पण जेवायला वाढताना जरा शांतच होत्या.

उस्ताद रविवारी आले घरी. मला वाटलं आता आई-बहीण निघते. त्यांनी जळलेला रिले हातात फिरवला आणि एकच विचारलं, "लाइट कुठून घेतला होता?" मी म्हटलं बटनावरून. ते म्हणाले, "मंग तो लाइट बटनाचा झाला नं, प्लगचा कुठं?" वर मी उस्तादांबद्दल जे लिहिलं ते खोडत नाही, पण हे पण लिहायला पाहिजे.

तर लाइट ८७ वरून घ्या. रिलेच्या पलीकडून, जिथून प्लगला करंट जाते तिथून, मध्ये एक छोटा फ्यूज टाकून, दुसरं टोक अर्थ. आता बटन सोडल्यावर लाइट विझला नाही तर समजा टिकली चिकटली, गाडी पुढं हलवायची नाही, बोनेट उघडून ३० नंबरची वायर काढायची. ती वायर सहज काढता येईल अशी ठेवा, खाली नेऊन सतरा टेप मारू नका. रिले ८० अँपिअरचा. नाही मिळाला तर काम दोन दिवस पुढं ढकला, गिऱ्हाईक ओरडते, ओरडू द्या.

घाबरू पण नका. एवढं सांभाळलं तर हे बटन टायमरपेक्षा जास्त टिकते, कारण त्यात बिघडण्यासारखं आहेच काय. कडाक्याच्या थंडीत १५ ते २० सेकंद दाबा, हलक्या थंडीत ८-१० भरपूर, गरम इंजिनला गरजच नाही. फक्त हीटर पेटला असताना कोणी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायला आला तर त्याचा हात धरा. ती शॉर्टकटवाली जमात मला अजिबात आवडत नाही. तो स्प्रे लाल प्लगवर गेला की आतच भडका होते, पिस्टन जाऊ शकते.

पहिल्यांदा करून राहिले असाल तर काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून कान देऊन ऐका. दाबलं की एक टक, सोडलं की दुसरी टक. पहिली सगळेच ऐकतात. मामा आता सकाळी बटन सोडताना गाडीतला रेडिओ बंद करतात, लाइट विझलेला दिसते तरी, आणि दुसरी टक आल्यावरच सेल्फ मारतात. मी सांगितलं त्यांना की सेल्फ मारताना पण दाबून ठेवलं तर चांगलं, तर म्हणतात, "तू राहू दे रे बाप्पा."